एकाच हाताची हत्यारं

भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं लोखंड एका भावाचं. मंचर-घोडेगाव पट्ट्यातल्या कुठल्याही भंगाराच्या ढिगाशी उभं राहिलं, तर मोडक्या पंपाखाली नाहीतर ट्रॅक्टरच्या झिजलेल्या बेअरिंगांमध्ये एखादा बिनदांड्याचा वाकस किंवा घासून गुळगुळीत झालेला नांगराचा फाळ दिसतो. तो किलोवर जातो. त्याच ढिगातून पात्यावर इंग्रजी अक्षरं उठवलेला घडीचा चाकू निघाला, की तो बाजूला ठेवला जातो, त्यावर तेलाचं बोट फिरतं आणि त्याची किंमत नगावर सांगितली जाते. जुनी हत्यारं जमवण्याचा नाद नव्याने लागलेला माणूसही नेमकी हीच निवड करतो. महाळुंगे पडवळसारख्या गावात, किंवा आंबेगाव-जुन्नरच्या कुठल्याही गावाशी नातं ठेवून ज्याला हा छंद करायचा आहे, त्याने ही निवड उलटी करावी असं माझं म्हणणं आहे. नाव नसलेली, गावच्या लोहाराने घडवलेली आणि शक्यतो एकाच माणसाच्या हाताखालची हत्यारं सगळीच्या सगळी, एकत्र मिळवावीत. शिक्क्याची वस्तू त्यांच्या सोबतीने आली तर जरूर घ्यावी.

आधी शिक्क्याच्या चाकूला त्याचं श्रेय देऊ. त्याचं वय काढणं सोपं असतं आणि संग्राहकाला हे सोपेपण आवडतं. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू घ्या. तारा आणि चौपाकळी क्रूस ही तिची जोडखूण १७६४ पासूनची. पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची किंवा राणीची आद्याक्षरं असली तर काळ आणखी जवळ येतो, कारण व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली, त्यानंतर एडवर्डची अक्षरं आली आणि १९१० नंतर जॉर्जची. ‘इंग्लंड’ हा शब्द शिक्क्यात असेल तर चाकू बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. पातं न गंजणाऱ्या पोलादाचं असेल तर १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद त्या साली केलं. जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुळ्या माणसांचा शिक्का १७३१ चा. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूच्या मानेला फिरती कडी दिसली तर तो १९५५ नंतरचा. एवढं पाठ केलं की बाजारात बऱ्यापैकी निभावतं. मात्र शिक्क्याला किंमत असते म्हणूनच खोटा शिक्काही असतो आणि रॉजर्सच्या नावाची नक्कल तर ती कंपनी जोरात असल्यापासून होत आली आहे. चाकू हातात आल्यावर आधी मिटलेलं पातं पाहावं. ते खाचेत खोल बुडून नखाची खाच मुठीआड जात असेल, तर सहाणेवर झिजून पातं बारीक झालेलं आहे. मग उघडावं. कमान जिवंत असेल तर शेवटी टक् असा आवाज येतो, मेलेली असेल तर पातं नुसतं लोंबतं. उघडलेलं पातं आडवं हलवून रिपीट ढिली आहे का, तेही पाहावं.

पण हे सगळं कळल्यावर कळलं काय? शेफिल्डमध्ये कुठल्या साली काय बनत होतं, हे. ते तिथल्या पुस्तकांत आधीच लिहिलेलं आहे. तो चाकू मंचरच्या बाजारात कुणी घेतला, त्याने सुपारी कातरली की कलमं बांधली, याचा एक शब्दही शिक्क्यात नसतो. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिले. त्यांचं नाव घेऊन कुणाच्या संग्रहातल्या शेफिल्डवर बहिष्कार घालायचा माझा विचार नाही. शंभर वर्षांपूर्वीचा चाकू आजच्या लोहाराच्या पोटावर पाय देत नाही. एवढंच की ज्या गावची ओळख स्वदेशीच्या हुतात्म्याने आहे, त्या गावात हत्यारांचा संग्रह उभा राहावा आणि त्यात गावच्या भट्टीतलं काहीच नसावं, हे जरा विचित्र दिसेल.

आता नाव नसलेल्या हत्याराकडे वळू. सुताराचा एक जुना वाकस समोर धरा. वरवर पाहता लोखंडाचा बाकदार तुकडा आणि हातभरही नसलेला दांडा. धारेकडचा दोन बोटं भाग रंगाने थोडा वेगळा दिसतो, उजेडात तिरपा धरला तर जोडाची बारीक रेघ सापडते. अंगाचं लोखंड मऊ आणि धारेला पोलाद जोडलेलं, कारण पोलाद महाग आणि ते लागतं तेवढंच वापरायचं. पाठीमागचा बोथट भाग कडांनी फुलून बाहेर आला असेल, तर वाकस हातोडीसारखाही वापरला गेला. खुंट्या ठोकायला वेगळं हत्यार कोण शोधत बसतो? धार एका कोपऱ्यात जास्त झिजली असेल तर धरणाऱ्याचा हात कुठला ते कळतं. दांडा बाभळीचा असतो तसा दुसऱ्या कुठल्या लाकडाचाही असतो आणि तो मूळचा की बदललेला, हे नेढ्यातल्या पाचरीवरून समजतं. एकीवर एक तीन पाचरी ठोकलेल्या दिसल्या, तर तो दांडा किती उन्हाळे सैल झाला आणि किती वेळा आवळला, याचा हिशेबच तिथे आहे. कोयत्यांवर आणि खुरप्यांवर याहून गमतीची खूण मिळते. पात्याच्या पाठीवर, धारेपासून दूर, बारीक तिरप्या रेषा दिसल्या तर ते पातं जुन्या कानशीतून घडवलंय. लोहाराने कानस ठोकून चपटी केली, पण तिचे दाते पुरते मिटले नाहीत. अलीकडचे कोयते बहुतेक ट्रकच्या कमानपाट्यातून होतात आणि त्यांची सारखी जाडी लगेच ओळखू येते. कानस, मग कमानपाटा: गावात कुठलं पोलाद कधी स्वस्त झालं, याचा इतिहास कोयत्याच्या पाठीवर असा वाचता येतो.

मग असा एकेक तुकडा घेत गेलं तर काय बिघडलं, संचाचा आग्रह कशाला? याचं उत्तर घोडनदीच्या काठी आहे. आंबेगावातून वाहत आलेली घोड पुढे शिरूर तालुक्यात जाते, तिथे इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत अमुक घर कुंभाराचं, अमुक सोनाराचं, अमुक चुना भाजणाऱ्याचं, असं सांगता आलं, ते कुठल्या एका देखण्या वस्तूमुळे सांगता आलं नाही. कुठल्या घरात, कशाशेजारी काय सापडलं, याची नोंद होती म्हणून सांगता आलं. तीच वस्तू कुणी उचलून काचेच्या कपाटात ठेवली असती तर तो एक जुना तुकडा उरला असता. सुताराच्या पेटीलाही हाच न्याय लागू होतो. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरं, सामता, गुण्या, ओळंबा ही हत्यारं प्रत्येक सुताराकडे असायची. पण पेटीत गाडीच्या चाकाच्या तुंब्याला भोक पाडायचं जाड गिरमिट निघालं, तर हा सुतार गाड्या करणारा. आकार काढायचे वाकडे रंधे चार-पाच निघाले, तर चौकटी आणि दारं करणारा. रंधा तेवढा देखणा म्हणून घेतला आणि गिरमिट गंजलं म्हणून सोडलं, की माणसाचा धंदाच पुसला गेला. गाड्यांचा सुतार आणि लोहार तर जोडीने वाचावे लागतात. लाकडी चाक सुताराने करायचं, लोखंडी धाव लोहाराने शेण्यांच्या आगीत लाल करून त्यावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. ट्रॅक्टर आला, बैलगाडी शर्यतीच्या घाटापुरती उरली आणि दोघांचीही हत्यारं एकाच वेळी माळ्यावर गेली.

आणि गंमत अशी, की संचात आल्यावर शिक्क्याच्या वस्तूलाही तोंड फुटतं. गावच्या भट्टीतल्या नऊ हत्यारांमध्ये एकच पटाशी विलायती असेल, तर या सुताराने कुठल्या कामासाठी रोख पैसे मोजले ते उघड होतं. शेतकऱ्याच्या घरात लाकडी नांगराचा फाळ आणि किर्लोस्करांचा लोखंडी नांगर दोन्ही मिळाले तर तो त्याहून मोठा पुरावा. लक्ष्मणरावांनी १९०३ साली तो नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. एखाद्या घराने तो कधी घेतला, म्हणजे सुताराकडे नांगर करायला टाकणं कधी थांबवलं, ही तारीख त्या घराच्या दृष्टीने मोठीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो तारखेचाच. बिनशिक्क्याच्या हत्याराचं वय सांगता येत नाही, मग ‘जुनं’ कशावरून म्हणायचं? पूर्ण खरा नसला तरी हा आक्षेप रास्त आहे. वर्ष सापडत नाही, पण कालखंड सापडतो. डागडुजीला विजेच्या वेल्डिंगचा टाका असेल तर ती डागडुजी वीज आल्यानंतरची. कानस की कमानपाटा, हे वर आलंच. सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, फक्त त्यांना साल विचारू नये. साल विचारलं की माणसं तुमचं मन राखायला काहीतरी आकडा सांगतात. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘डिंभ्याचं धरण व्हायच्या आधी?’, ‘तुमचं लग्न झालं तेव्हा हा वाकस होता का?’ असं विचारावं. मिळालेली माहिती वहीत दोन रकान्यांत लिहावी. एकात डोळ्यांना दिसलं ते: लांबी, वजन, लाकूड, जोड, झीज. दुसऱ्यात सांगितलेलं आणि ते कुणी सांगितलं. हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत, कारण पुढे कधी दोघांत विरोध आला तर कुठला धागा ओढायचा ते मग समजत नाही. वस्तूवर रंगाने आकडा घालण्याऐवजी सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी आणि तोच आकडा वहीत लिहावा.

दुसरा आक्षेप हौशी माणसाचा: गंजलेलं, मळलेलं हत्यार मांडायचं कसं, चकचकीत नको का? संग्रहांची सर्वांत जास्त नासाडी या एका हौसेने होते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत आहे. जुन्या रंध्याच्या माथ्यावर किंवा ऐरणीच्या बगलेत हळदकुंकवाचे थर साचून काळपट झालेले दिसतात. ती घाण समजून साबणाने धुतली की त्या हत्याराला घरात काय मान होता, याचा पुरावा मोरीतून वाहून गेला. ग्राइंडर तर जवळही आणू नये. त्याच्या उष्णतेने धारेचं पाणी उतरतं, पातं निळसर पडतं आणि जोडाची रेघ, कानशीचे दाते, शिक्का, सगळं एका मिनिटात सपाट होतं. करायचं ते इतकंच: सुकी धूळ मऊ ब्रशने झाडावी, सुटा लाल गंज रॉकेलमध्ये भिजवलेल्या जाड सुती फडक्याने निघेल तेवढा काढावा आणि खालचा घट्ट काळा थर तसाच राहू द्यावा, कारण तो लोखंडाचं रक्षणच करत असतो. लाल गंज पुन्हा पुन्हा फुलत असेल तर आपल्याच डोंगरातला हिरडा उपयोगी पडतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी कुटुंबं जो बाळहिरडा गोळा करतात, त्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन गंजाला धरलं की निळसर काळा घट्ट थर तयार होतो. संग्रहालयांत गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्ल लावतात ते याच कारणाने, आणि हिरडा व हिराकस मिळून काळी शाई होते तीही याच कारणाने. स्टीलच्या भांड्यात हिरड्याचा दाट काढा करावा, आधी एखाद्या गंजक्या खिळ्यावर लावून पाहावा, जमला तर फाळ, पहार, ऐरण अशा ठोकळ हत्यारांना ब्रशने लावून पूर्ण वाळू द्यावा आणि वर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. चाकूच्या पात्याला, पितळेला आणि शिक्क्यावर मात्र हा प्रयोग करू नये. खोबरेल, गोडेतेल नकोच. ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. दांड्याला जवसाचं तेल थोडं थोडं चोळावं. चोळून झाल्यावर फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तो उघड्यावर पसरून वाळवावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: तुम्ही गावातून बलुतेदाराची हत्यारं उचलणार, म्हणजे गावाचंच काहीतरी नेणार. सुतार-लोहारांच्या घामाची जी किंमत गावाने धान्यात आणि बऱ्याचदा उधारीत दिली, तिच्यावर आता शहरातल्या दिवाणखान्याची शोभा उभी राहणार. हे खोटं नाही. पण दुसऱ्या बाजूला भंगार वितळवणारी भट्टी आहे. मूळ आंबेगाव, ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडलं, ते गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठताना माणूस भांडी, देव आणि धान्य उचलतो. जड, निकामी लोखंड मागे राहतं किंवा विकलं जातं. पुण्यातल्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्या वस्तूंना कुणी कलावस्तू म्हणत नव्हतं. पुढे त्यांनी तो संग्रह सरकारच्या हाती दिला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्या सगळ्यांच्या मालकीच्या आहेत. फरक पडतो तो घेण्याच्या रीतीने. वापरात असलेलं हत्यार मागू नये. देव्हाऱ्यापाशी ठेवलेलं तर मुळीच नाही. भाव भंगाराच्या काट्यावर ठरवू नये. ज्याच्या आजोबांची पेटी आहे त्याला ती कशासाठी हवी ते सांगावं आणि शहरात त्या वस्तूला काय मिळू शकतं तेही सांगावं, म्हणजे हो-नाही त्याला डोळे उघडे ठेवून ठरवता येईल. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ येतं. तेव्हा वस्तू त्या घरीच ठेवून तिचं माप, चित्र, फोटो आणि ऐकलेली हकिकत वहीत घ्यावी. संग्रह म्हणजे मालकीच, हे कुणी ठरवलं? पन्नास घरांतल्या हत्यारांची नीट वही असलेला माणूस कपाटभर चाकू असलेल्यापेक्षा जास्त श्रीमंत आहे, असं मी तरी समजतो.

कायद्याचं थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नये असं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र-नियमांच्या यादीत येतात. घरकामाची, शेतीची आणि उद्योगाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे कोयता घरात असणं हा गुन्हा नाही, पण खटक्याचा लांब रामपुरी ‘अँटिक’ म्हणून खिशात घालून फिरणं अंगाशी येऊ शकतं. हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची मूठ कितीही सुंदर असो, तिची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातवाने पणजोबांचा अडकित्ता बॅगेत टाकण्यापूर्वी एवढं पाहून घ्यावं. नांगरताना जमिनीतून निघालेली वस्तू हा तर वेगळाच विषय. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरच्या मोलाची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि जुन्नर-आंबेगावची जमीन अशी आहे की हे कलम नुसतं कागदावर राहत नाही.

ठेवायची पद्धत साधी. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नये. चामडं ओल आणि क्षार धरतं, पातं आतल्या आत खातं आणि पितळेवर हिरवा लेप चढतो. म्यान फेकायचं नाही, शेजारी ठेवायचं, चिठ्ठी एकाच आकड्याची. पिवळट, कापरासारखा वास येणारी सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू इतरांपासून दूर ठेवावा, कारण ती मूठ कुजू लागली की तिच्या वाफेने शेजारचं पोलादही गंजतं. पावसाळ्यात भिंतीला लागून काही मांडू नये आणि महिन्यातून एकदा प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहावी. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची जुनी युक्ती संग्रहात वापरू नये. लाकूड फुगतं, वाळल्यावर आणखी सैल होतं आणि नेढ्यात गंज धरतो. सैल आहे तो सैलच राहू द्यावा. नवी पाचर तर ठोकूच नये, कारण मग आधीच्या तीन कुणी ठोकल्या आणि चौथी कुणाची, हे पुढच्या माणसाला तुमच्या वहीतून शोधावं लागेल, आणि तुम्ही ते लिहून ठेवलेलं असेलच असं नाही.